पिंपावरचं लेबल: जे. जे. रुग्णालयातलं ग्लिसरीन, १९८६

जानेवारी-फेब्रुवारी १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण दगावले. ज्या आजारासाठी ते भरती झाले होते, त्या आजाराने ते गेले नाहीत. मेंदूवरची सूज किंवा डोळ्यातला वाढलेला दाब उतरवण्यासाठी ग्लिसरीन देतात, तसं ते त्यांना दिलं गेलं होतं. मग लघवी कमी होत गेली, बंद पडली आणि मूत्रपिंडं निकामी झाली. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक रसायन निघालं. रुग्णालयाला औषधी दर्जाचा म्हणून पुरवलेला माल मुळात औद्योगिक दर्जाचा होता.

राज्य सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमला. नोव्हेंबर १९८७ चा त्यांचा अहवाल महाराष्ट्राच्या आरोग्यव्यवस्थेबद्दलच्या सर्वांत परखड सरकारी कागदपत्रांपैकी एक आहे. औषधांच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मी हे प्रकरण सगळ्यात आधी सांगतो. यातलं विष दुर्मीळ नव्हतं, ते ओळखणं अवघड नव्हतं, आणि त्याचा इतिहास तेव्हाच पन्नास वर्षांचा होता. तरी ते पिंपातून वॉर्डापर्यंत पोचलं, कारण वाटेतल्या प्रत्येकाने आधीच्याच्या कागदावर भरवसा ठेवला.

ग्लायकॉलची भावंडं

डायएथिलीन ग्लायकॉल समजायचं तर आधी त्याचं मोठं भावंड पाहावं लागतं. ते म्हणजे एथिलीन ग्लायकॉल, कारखान्यांच्या भाषेत एमईजी. रंग नाही, वास जवळजवळ नाही, चव गोड, पाण्यापेक्षा थोडं जड आणि दाटसर. पाण्यात कुठल्याही प्रमाणात मिसळतं. उकळतं १९७ अंशाला आणि गोठतं उणे १३ अंशाच्या आसपास. गंमत अशी की पाण्यात मिसळलं की मिश्रण दोघांपेक्षाही खाली गोठतं. साठ भाग ग्लायकॉल आणि चाळीस भाग पाणी घेतलं तर पारा उणे पन्नासच्या आसपास जाईपर्यंत ते द्रवच राहतं. गाडीच्या रेडिएटरमधलं कूलंट याच गुणावर चालतं. लडाखमध्ये ते गोठत नाही, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात घाटात गाडी तापली तरी साध्या पाण्याइतक्या लवकर उकळत नाही.

पण कूलंट हा एमईजीचा छोटा वापर आहे. मोठा वाटा जातो पॉलिएस्टरमध्ये. टेरेफ्थॅलिक आम्लाशी त्याची जोडणी केली की पीईटी तयार होतं. त्याचा धागा ओढला की साडीचं आणि शर्टाचं कापड, फुगवलं की पाण्याची बाटली. एक किलो पॉलिएस्टरमागे साधारण एक तृतीयांश किलो एमईजी लागतं. भिवंडीच्या यंत्रमागावर चढणाऱ्या पॉलिएस्टर सुतात ते असतंच. ते बहुतेक ठिकाणी पेट्रोरसायनांपासून बनतं, पण उत्तराखंडात काशीपूरला ते उसाच्या मळीच्या अल्कोहोलपासूनही बनवतात. आपल्या साखरपट्ट्यातल्या वाचकाला हे कळलं की तो एकदम कान टवकारतो.

बनवण्याची पद्धत या प्रकरणाशी थेट जोडलेली आहे. एथिलीन ऑक्साइडला भरपूर पाण्याबरोबर दाबाखाली तापवलं की सुमारे नव्वद टक्के एमईजी मिळतं. उरलेल्यात नऊ टक्क्यांच्या आसपास डायएथिलीन ग्लायकॉल असतं आणि थोडं ट्रायएथिलीन ग्लायकॉल. पुढे ऊर्ध्वपातनाने ती वेगळी केली जातात. म्हणजे जगात जितकं पॉलिएस्टर, तितकं डायएथिलीन ग्लायकॉल आपोआप तयार होणार. त्यालाही गिऱ्हाईक आहे: रेझिन, पॉलियुरेथेन, ब्रेक ऑइल, छपाईची शाई. रसायन म्हणून ते उपयोगी आणि स्वस्त आहे. त्याचं दिसणं, त्याचा दाटपणा आणि त्याची गोडी ग्लिसरीनशी जुळते, आणि सगळा धोका तिथे आहे.

ग्लिसरीन येतं चरबीतून आणि तेलातून, साबणाच्या धंद्यातलं जोडउत्पादन म्हणून. औद्योगिक ग्लिसरीन रंगांच्या रेझिनला आणि स्फोटकांना लागतं. तेही स्वतः विषारी नाही. फरक इतकाच की त्यात आणखी काय मिसळलं आहे हे कुणी तपासण्याची गरज नसते. रंगाच्या कारखान्याला पाच टक्के इकडेतिकडे चालतं. रुग्णाला चालत नाही. औषधी दर्जाच्या ग्लिसरीनमध्ये आज एथिलीन आणि डायएथिलीन ग्लायकॉलची मर्यादा ०.१ टक्का आहे.

वॉर्डात काय घडतं

खोकल्याच्या औषधात ग्लिसरीन चमचाभर पोटात जातं. मेंदूच्या सुजेसाठी मात्र ते दर किलो वजनामागे साधारण एक ते दीड ग्रॅम एका वेळी देतात, आणि दिवसातून काही वेळा. समजा रुग्ण साठ किलोचा आहे आणि ग्लिसरीनचा पाचवा हिस्सा डायएथिलीन ग्लायकॉल आहे. एका मात्रेत बारा ते अठरा ग्रॅम विष जाईल, तीन मात्रांत चाळीस-पन्नास. प्रौढ माणसाला घातक ठरणारं प्रमाण पुस्तकं दर किलोमागे एक मिलिलिटरच्या आसपास देतात, आणि त्याहून बरंच कमी घेऊनही माणसं गेल्याची नोंद आहे. म्हणजे दोन दिवस पुरेत. ही उदाहरणादाखल मांडलेली आकडेमोड आहे, त्या रुग्णांच्या केसपेपरवरची नव्हे. पण जे. जे.मध्ये इतक्या कमी दिवसांत इतके मृत्यू का झाले, ते तिच्यातून कळतं.

शरीरात दोन्ही ग्लायकॉलं वेगवेगळ्या वाटेने मारतात. एथिलीन ग्लायकॉलवर यकृतातलं अल्कोहोल डिहायड्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) काम करतं आणि ग्लायकोलिक आम्लापासून पुढे ऑक्झॅलिक आम्ल तयार होतं. रक्त आम्लधर्मी होतं, आणि ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून मूत्रपिंडात स्फटिक टाकतं. लघवीत ते स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात, त्यामुळे जाणकाराला सुगावा लागतो. डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये तो सुगावा नाही. त्याचं डायग्लायकोलिक आम्ल होतं, आणि ते मूत्रपिंडाच्या नलिकांच्या पेशी थेट मारतं.

लक्षणांचा क्रमही फसवा असतो. पहिल्या दिवशी मळमळ, उलट्या, पोटात कळा, गुंगी. एक ते तीन दिवसांत लघवी बंद. तेवढ्यातून जो वाचतो त्याला आठवड्याभराने चेहऱ्याचा लकवा, हातापायांतली शक्ती जाणं, बेशुद्धी. आता हे मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतरच्या वॉर्डात घडताना डोळ्यांसमोर आणा. उलटी, गुंगी, बेशुद्धी: यातली प्रत्येक गोष्ट मूळ आजाराच्या नावावर सहज खपते. एकट्या रुग्णाकडे पाहून हे कळणं कठीणच. कळतं ते चार-पाच केसपेपर शेजारी ठेवल्यावर, सगळ्यांची लघवी एकाच सुमारास का थांबली आणि सगळ्यांना समान काय दिलं गेलं हे विचारल्यावर. त्यासाठी न्यूरोसर्जन, मूत्रपिंडतज्ज्ञ, औषधभांडार आणि प्रशासन यांच्यात बोलणं असावं लागतं. रुग्णालयातल्या आपसातल्या गटबाजीवर लेंटिन अहवालाने ताशेरे ओढले. माझ्या मते अहवालातल्या या भागाकडे सर्वांत कमी लक्ष गेलं. लाचेची, राजकारणाची चर्चा खूप झाली. दोन विभागांमधला अबोला रुग्णाच्या जिवावर येतो, हे तितकं बोललं गेलं नाही.

वेळेत ओळखलं तर उपाय आहेत. ते विकर आधी अडवायचं, म्हणजे ग्लायकॉलचं आम्ल होत नाही. फोमेपिझोल हे औषध तेच करतं, आणि ते नसेल तर वैद्यकीय देखरेखीखाली शुद्ध इथेनॉल देतात. जोडीला डायलिसिस. आपल्याकडे फोमेपिझोल सहज मिळत नाही, त्यामुळे सगळी मदार डायलिसिसवर आणि संशय किती लवकर येतो यावर.

एक बाटली आणि एक तराजू

आता मूळ मुद्दा. ते पिंप भांडारात उतरलं तेव्हा ते अडवता आलं असतं का?

शुद्ध ग्लिसरीनची घनता सुमारे १.२६ आहे, डायएथिलीन ग्लायकॉलची १.१२. पाचवा हिस्सा भेसळ असेल तर मिश्रण १.२३ वर येतं. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाला जी घनतेची काचेची कुपी वापरतात, तिने हा फरक दिसतो. आधी कोरडी कुपी तोलायची, मग पाणी भरून, मग पुसून-वाळवून ग्लिसरीन भरून. एकच काळजी घ्यायची: ग्लिसरीन दाट असल्याने त्यात बुडबुडे अडकतात, म्हणून ते बाजूने सावकाश ओतायचं आणि तापमान सांभाळायचं. अर्ध्या तासाचं काम. दुसरी चाचणी अपवर्तनांकाची, म्हणजे द्रवात शिरताना प्रकाश किती वाकतो त्या आकड्याची. औषधी ग्लिसरीनचा अपवर्तनांक १.४७० ते १.४७५ च्या मध्ये यायला हवा. डायएथिलीन ग्लायकॉलचा १.४४७ आहे, त्यामुळे पाचवा हिस्सा भेसळ असलेला नमुना खालच्या मर्यादेच्याही खाली घसरतो. इथे तो आकडा दाखवणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर दोन थेंब टाकले की पुरे.

या चाचण्या विषाचं नाव सांगत नाहीत, हे खरं. दहा टक्के पाणी घातलं तरी घनता तितकीच उतरते. पण भांडाराला नाव कळण्याची गरजच नसते. लेबलवर ग्लिसरीन लिहिलं आहे आणि कुपीतला आकडा ग्लिसरीनचा नाही, एवढ्यावर पिंप बाजूला काढता येतं. नाव सांगायला पुढे मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या चाचण्या, थिन लेयर क्रोमॅटोग्राफी आणि गॅस क्रोमॅटोग्राफी, आहेतच. थोडी भेसळ, म्हणजे एखाद-दोन टक्के, फक्त त्याच पकडू शकतात. पण जे. जे.सारखी माणसं मारणारी भेसळ थोडी नसते. व्यापाऱ्याला किमतीतला फरक खिशात घालायचा असतो, आणि चिमूटभर मिसळून त्याला काही सुटत नाही.

चव घेऊन कुणाला शंका येईल, तेही शक्य नाही, कारण दोन्ही गोडच. याच गोडीपायी जे. जे.च्या आदल्याच वर्षी, १९८५ मध्ये, ऑस्ट्रियातल्या काही वाइन उत्पादकांनी वाइनला गोडवा आणि दाटपणा यावा म्हणून डायएथिलीन ग्लायकॉल घातल्याचं उघड झालं होतं. जर्मनीतल्या तपासणीतही ते सापडलं आणि जगभर बातम्या झाल्या. तिथे प्रमाण कमी असल्याने जीव गेले नाहीत. म्हणजे सहा महिन्यांपूर्वी हे नाव वर्तमानपत्रांत आलेलं होतं.

आणि औषधशास्त्राच्या पुस्तकांत तर ते १९३७ पासून आहे. अमेरिकेत एका कंपनीने सल्फानिलामाइड हे तेव्हाचं नवं औषध द्रवरूपात विकायचं ठरवलं. ते विरघळवायला डायएथिलीन ग्लायकॉल वापरलं. चव पाहिली, वास पाहिला, रंग पाहिला. विषारीपणा तपासला नाही, कारण कायद्याने तो तपासणं बंधनकारक नव्हतं. शंभरावर माणसं गेली, त्यात बरीच लहान मुलं. दुसऱ्या वर्षी अमेरिकेने नवा औषध कायदा केला, आणि बाजारात आणण्याआधी औषध सुरक्षित असल्याचं दाखवणं सक्तीचं झालं. आपला औषध कायदा १९४० चा. जे. जे. प्रकरणात कायद्याची कमतरता नव्हती. पुरवठादाराची पात्रता पाहणं, मालाचा दर्जा पाहणं, अन्न व औषध प्रशासनाने परवाने आणि नमुने तपासणं, सगळं कागदावर होतं. लेंटिन यांनी दाखवलं ते असं की खरेदीची प्रक्रिया वाकवली गेली, प्रशासनाने दोषी उत्पादकांना पाठीशी घातलं, आणि मंत्र्यांनी त्या प्रशासनाच्या कामात हस्तक्षेप केला. कार्यरत न्यायाधीशाने नावं घेऊन हे लिहिलं, म्हणून तो अहवाल १९८८ मध्ये विधिमंडळात आला तेव्हा एवढं वादळ उठलं.

तेच पिंप, दुसरी गावं

जे. जे. नंतर हे थांबलं नाही. १९९८ मध्ये गुडगाव-दिल्ली परिसरात खोकल्याच्या औषधातून ३३ मुलं गेली. हैतीमध्ये १९९५-९६ मध्ये तापाच्या औषधातून ऐंशीहून अधिक.

पनामातलं २००६ चं प्रकरण मला विशेष महत्त्वाचं वाटतं, कारण तिथे पिंपांचा सगळा प्रवास पुढे उलगडला गेला. चीनमधून निघालेली ती ४६ पिंपं स्पेनमार्गे पनामाला पोचली. वाटेत प्रत्येक व्यापाऱ्याने आधीच्याच्या विश्लेषण प्रमाणपत्रावरचं नाव बदलून आपलं घातलं. मूळ उत्पादकाचं नाव पुसलं गेलं, शुद्धतेचा आकडा मात्र तसाच पुढे गेला. सरकारी प्रयोगशाळेने त्यातून खोकल्याचं औषध बनवलं आणि ते रुग्णांना दिलं गेलं. त्यानंतर २००७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, उत्पादकांना सांगितलं, ग्लिसरीनच्या प्रत्येक पिंपाची डायएथिलीन ग्लायकॉलसाठी तपासणी करा, पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावर विसंबू नका. आमच्या धंद्यात ज्याला सीओए म्हणतात ते प्रमाणपत्र फाइलला लावण्यापुरतंच आहे, ही समज तिथून पक्की झाली.

भारतात मात्र एक विचित्र स्थिती काही वर्षं राहिली. २०२२ मध्ये गांबियातल्या मुलांच्या मृत्यूंनंतर जागतिक आरोग्य संघटनेने भारतात बनलेल्या चार सिरपबद्दल इशारा दिला. केंद्राने नियम केला की १ जून २०२३ पासून खोकल्याचं सिरप निर्यात करण्याआधी सरकारमान्य प्रयोगशाळेत तपासलं गेलं पाहिजे. योग्यच झालं. पण देशातल्या मुलांसाठी निघणाऱ्या सिरपला अशी निर्यातीसारखी अट नव्हती. तिथे उत्पादकाची स्वतःची तपासणी पुरेशी धरली जात होती. परदेशी मुलाच्या बाटलीला सरकारी शिक्का लागत होता आणि आपल्याच देशातल्या मुलाच्या बाटलीला लागत नव्हता, याचा मला तेव्हाही राग आला होता आणि आजही येतो.

कारण २०२५ च्या सप्टेंबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात, परासिया भागात, नेमकं तेच झालं. साधा ताप-खोकला झालेल्या मुलांची लघवी बंद पडू लागली. तिथून जवळचं मोठं वैद्यकीय केंद्र नागपूर, म्हणून आईबाप त्यांना घेऊन नागपूरला आले, आणि त्यातली अनेक मुलं तिथेच गेली. औषध तामिळनाडूत कांचीपुरम जिल्ह्यातल्या एका कारखान्यात बनलेलं होतं. तामिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाने तपासलं तेव्हा त्या बॅचमध्ये ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. जवळपास अर्धी बाटली. कारखान्यात औषधी दर्जाचं नसलेलं प्रॉपिलीन ग्लायकॉल वापरल्याचं तपासात आढळलं. वीसहून अधिक मुलं गेली.

प्रॉपिलीन ग्लायकॉलही या कुटुंबातलंच, पण शरीराला बऱ्यापैकी सुरक्षित, म्हणून सिरपमध्ये चालतं. त्याची घनता १.०४ आहे. डायएथिलीन ग्लायकॉल १.१२. इतक्या प्रचंड भेसळीला क्रोमॅटोग्राफीसुद्धा लागली नसती.

म्हणून आज एखाद्या रुग्णालयाच्या किंवा छोट्या औषध कारखान्याच्या भांडारात माल उतरतो तेव्हा काय व्हायला हवं, ते मी इतक्या बारकाईने सांगतो. ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, सॉर्बिटॉलचं द्रावण, हे जोखमीचे द्रव वेगळ्या जागेत उतरवायचे. पिंपावर पिवळं क्वारंटाइनचं, म्हणजे तपासणी होईपर्यंत वापरायचं नाही असं सांगणारं, लेबल लावायचं. दहा पिंपं आली तर दहाही उघडून, प्रत्येकातून स्वतंत्र नमुना घ्यायचा, कारण भेसळ एखाद्याच पिंपात असू शकते आणि दहांचा एकत्र नमुना तिला पातळ करून लपवतो. घनता आणि अपवर्तनांक तिथल्या तिथे पाहायचा, एथिलीन आणि डायएथिलीन ग्लायकॉलसाठी क्रोमॅटोग्राफी प्रयोगशाळेत करायची, आणि तो निकाल हातात आल्यावरच माल वापरायला मोकळा करणारं हिरवं लेबल. सील तुटलेलं असेल, जुन्या लेबलवर नवं चिकटवलेलं असेल, बॅच नंबर प्रमाणपत्राशी जुळत नसेल किंवा मूळ उत्पादकाचं नाव-पत्ता प्रमाणपत्रावर नसेल, तर चाचणीपर्यंत जायचंच नाही, माल परत. आणि हिरवं लेबल लावणाऱ्या माणसाला खरेदी विभागाने "उत्पादन थांबलंय, लवकर सोड" असा फोन करायचा नाही. तो फोन आला तर त्याची तारीख-वेळेसह नोंद रजिस्टरमध्ये करण्याचा अधिकार त्या माणसाला लेखी दिलेला असावा.